दीड प्रदक्षिणा

खंडेनवमीला मी मशीनला हळदकुंकू लावतो, लिंबू ठेवतो, नारळ फोडतो. पण दसऱ्याला पट्ट्याच्या दांडीला हार बांधत नाही आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणाला बांधू देत नाही. त्यावरून निपाणीत माझी भरपूर चेष्टा होते. ‘दत्तूमामास्नी झेंडूचं वावडं हाय’ असं नवी पोरं म्हणतात. म्हणू देत. मी आजवर त्यांना कारण सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

या अंकाच्या संपादकांनी ‘यंत्रशाळेतली चाळीस वर्षं’ असं काहीतरी लिहा म्हणून निरोप धाडला. मी म्हटलं, अहो, चाळीस वर्षांत सांगण्यासारखं काय असतंय? सकाळी पट्टा चढवला, संध्याकाळी उतरवला, मधे लोखंड आलं तसं सोललं. पण त्या चाळीस वर्षांतले चार सेकंद असे आहेत की ते अजून रोज आठवतात. त्या चार सेकंदांतली माणसं आता सगळी गेली, मी तेवढा उरलोय. मी गप्प राहून मेलो तर एका भल्या माणसाच्या नावाला लागलेला डाग तसाच राहील. म्हणून चार सेकंदांचंच लिहितो.

लढाईचे दिवस होते. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि बेळगावच्या रस्त्याला आमची यंत्रशाळा. यंत्रशाळा म्हणजे पत्र्याची लांब शेड, एक लेथ, एक ड्रिल आणि एक शेपर. मालक भीमाण्णा. तेलाचं इंजिन शेजारच्या खोपीत धडधडायचं, त्याच्या जोरावर शेडच्या आढ्याखालचा लांब शाफ्ट फिरायचा आणि त्या शाफ्टवरून प्रत्येक मशीनला एकेक चामडी पट्टा उतरायचा. मशीन थांबवायचं म्हणजे इंजिन बंद करायचं नाही. पट्टा कामाच्या पुलीवरून शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा, की पट्टा फिरत राहतो आणि मशीन गप्प बसतं. तो सरकवायला खांबाजवळ एक लाकडी दांडी असते. ती दांडी म्हणजे मशीनचा लगाम. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शेपर मी पहिल्यांदा चालताना बघितलं तेव्हा दचकून दोन पावलं मागं सरकलो होतो. लोखंड घणानं ठोकतात, भट्टीत तापवून वाकवतात, हे मला ठाऊक होतं. पण थंडगार लोखंड कुणी मुळ्यागत सोलतंय, हे बघून माझी बोबडीच वळली. मशीनच्या अंगावर एक जाडजूड लोखंडी धूड आडवं पुढंमागं सरकत होतं. त्याला रॅम म्हणतात. रॅमच्या तोंडाला एक डोकं, डोक्यात घट्ट बसवलेलं हत्यार, समोर टेबल, टेबलावर शिकंजा आणि शिकंज्यात आवळलेलं काम. रॅम पुढं गेला की हत्यार कामावरून लोखंडाची एक साल काढायचं. साल निळी पडून, गुंडाळी होऊन खाली पडायची. मी वाकून उचलली आणि बोटं पोळून घेतली.

“आता कळलं?” मागनं आवाज आला. “लोखंड थंड असतंय, त्याची साल न्हाय.”

हे गणू मेस्त्री. खानापूरकडचा माणूस, रेल्वेच्या कारखान्यात हात तयार झालेला, अंगानं काटकुळा, बोलायला फटकळ. देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं. सकाळी मी मशीनच्या पाया पडलो की म्हणायचे, “पाया पडून झालं असंल तर तेल घाल. त्याला नमस्कार पचत न्हाय.” त्यांच्याइतका स्वच्छ हात मी पुन्हा बघितला नाही. केसाच्या जाडीचं माप ते नुसत्या बोटानं सांगायचे आणि मग मायक्रोमीटरनं मोजून माझं तोंड बंद करायचे.

त्यांनीच मला मशीनचं पोट उघडून दाखवलं. वरनं दिसतो तो रॅम, पण खरं काम आत चालतं. पोकळ खांबासारख्या अंगात एक मोठं दातेरी चाक फिरतं. त्या चाकावर एक खुंटी. खुंटी एका लांब झुलत्या दांड्याच्या खाचेत अडकवलेली. चाक गोल फिरलं की खुंटी फिरते, खुंटी फिरली की दांडा पुढंमागं झुलतो आणि दांड्याच्या शेंड्याला धरलेला रॅम सरळ जातो नि सरळ येतो. खुंटी चाकाच्या मध्याकडं आणली तर रॅम वीतभरच हलतो, कडेला नेली तर हातभर. रॅम मागं आला की टेबल आपोआप किंचित बाजूला सरकतं, कट् असा आवाज होतो आणि पुढची साल नव्या जागी निघते. दिवसभर तो कट् आवाज कानात असायचा. घरी जेवताना तो ऐकू आला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

हे मशीन आलं कसं, तेही सांगितलं पाहिजे. भीमाण्णांच्या आई, सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, त्यांच्या पाटल्या मोडून हे मशीन आलं होतं. नवरा गेल्यावर आक्कांनी पाटल्या काढून मुलाच्या हातात दिल्या आणि सांगितलं, “हातात घालून मिरवायचं दिवस संपलं. ह्याचं कायतरी फिरणारं आण.” त्यामुळं आक्का शेडमध्ये आल्या की शेपरला हात लावून म्हणायच्या, “माझ्या पाटल्या कशा हायत रं?” आणि मेस्त्री म्हणायचे, “झिजल्या न्हाईत अजून.” दोघांचं असं जमायचं. कानानं आक्का अधू होत्या, पाठीतनं वाकल्या होत्या, पण जीभ कात्रीगत चालायची.

आमच्याकडं नमुन्यांना तोटा नव्हता. सदलग्याचा एक शेतकरी गुऱ्हाळाच्या चरकाचं दातेरी चाक गाडीत घालून आला. चाकाच्या भोकात चावी बसवायची खाच झिजून वाकडी झाली होती, ती नव्यानं पाडायची होती. तिकडं चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस तापत पडलेला आणि हा इथं जमिनीवर उकिडवा बसून शेपरकडं बघत होता. बराच वेळ बघून म्हणाला, “मेस्त्री, ह्ये जाताना दमानं जातंय आन् येताना पळत येतंय. असं का वं?”

मेस्त्रींना असा प्रश्न विचारणारा माणूस फार आवडायचा. ते म्हणाले, “तुझा बैल सकाळी रानात कसा जातोय?”

“रमत गमत.”

“आन् सांजचं घरी?”

“आवरत न्हाय बघा.”

“मग झालं तर. जाताना ह्येला काम असतंय, येताना रिकामं यायचं असतंय.”

तो हसून लोळायचा बाकी राहिला. पण गोष्ट खरी होती. शेपर फक्त जातानाच कापतं. परत येताना हत्यार कामावर घासू नये म्हणून डोक्यात एक बिजागरीची झडप असते. ती उचलते आणि हत्यार लोंबकळत मागं येतं. रिकामी फेरी, म्हणून चाकाची रचनाच अशी की चाकाच्या फेऱ्यातला मोठा वाटा जाण्यात जातो, छोटा येण्यात. पुरा स्ट्रोक, म्हणजे रॅमची हातभर धाव, असला की एका फेऱ्याला आमच्या मशीनला चार सेकंद लागायचे. अडीच जायला, दीड यायला.

तो शेतकरी गेल्यावर मेस्त्री मला म्हणाले होते, “त्येला सांगितलं त्यात एक राह्यलं. बैल घरी येताना वाटंत मानूस दिसलं तर बाजूला हुतोय. ह्यो हुत न्हाय. दत्तू, म्होरं जाणाऱ्या रॅमला भ्यायचं न्हाय. मागं येणाऱ्याला भ्यायचं.”

कारण रॅम जेवढा पुढं जातो, परत येताना तेवढीच त्याची शेपूट मागच्या बाजूनं बाहेर येते. आमच्या शेडमध्ये जागा तोकडी. शेपरच्या मागं भिंत होती. पुरा स्ट्रोक लावला की शेपूट आणि भिंत यांच्यात चार बोटं उरायची. म्हणून मेस्त्रींनी त्या फटीच्या दोन्ही तोंडांना आडवे लाकडी आडणे घातले होते. आडणा काढायचा नाही, झाडायलासुद्धा मशीन चालू असताना तिकडं जायचं नाही, हा त्यांचा नियम. शेडमधला दुसरा कुठलाही नियम मोडला तर शिव्या मिळायच्या. हा मोडला तर घरी पाठवायचे, आणि एकाला पाठवलाही होता.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी भीमाण्णांनी शेडला चुना मारायचं काढलं. मागच्या भिंतीला चुना लावायला मी दोन्ही आडणे काढले आणि कोपऱ्यात उभे केले. भिंत वाळल्यावर लावू म्हटलं. आणि विसरलो. हे वाक्य मी पहिल्यांदाच कागदावर लिहितोय. लिहायला दोन शब्द लागले बघा.

आमच्याकडं खंडेनवमीला मशीन बंद असतं, ते तुम्हालाही ठाऊक असेल. हत्यारं, पाने, हातोडे सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, पूजा करायची आणि त्याला हात लावायचा नाही. मग दसऱ्याला सकाळी मुहूर्ताचा पहिला कट घ्यायचा. त्यातही आमच्या शेडची एक रीत होती. आरती सुरू झाली की मशीन सुरू करायचं आणि आरती संपेस्तोवर मशीन थांबता कामा नये. थांबलं तर वर्षभर काम थांबतं, अशी आक्कांची समजूत. म्हणून दांडी चालू बाजूला ओढली की ती हलू नये यासाठी तिला झेंडूच्या हारानं खांबाला बांधून टाकायची. बांधायचा मान माझा. साधा दोरा तुटतो म्हणून मी हार सुतळीत ओवून घ्यायचो आणि दुहेरी गाठ मारायचो. मेस्त्री दरवर्षी म्हणायचे, “घोड्यावर बसायचं आन् लगाम झाडाला बांधायचा!” पण आक्कांपुढं त्यांचं चालत नव्हतं.

त्या दसऱ्याला भीमाण्णांनी गावातली बरीच मंडळी बोलावली होती. मला म्हणाले, “दत्तू, पुरता स्ट्रोक लाव. मानसं बघाय येणार हायत. वीतभर हालल्यालं काय बघायचं?” मी खुंटी चाकाच्या कडेला नेली. एरवी मुहूर्ताला आम्ही आखूड स्ट्रोक ठेवायचो.

पूजा सुरू झाली तेव्हा मी इंजिनाच्या खोपीत होतो. ते इंजिन आधी दिव्यानं तापवावं लागायचं, तेव्हा कुठं पेटायचं. त्यामुळं शेडमध्ये काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. दरवर्षी आक्का ओवाळणीचं ताट घेऊन मशीनसमोर उभ्या राहायच्या आणि स्वतःभोवती पाच वेळा फिरायच्या, कारण मागं जायची वाट आडण्यांनी बंद असायची. त्या वर्षी वाट मोकळी दिसली. म्हातारीला केवढा आनंद झाला असेल! आपल्या पाटल्यांना खरीखुरी प्रदक्षिणा घालायला मिळाली. मशीन बंद होतं तोवर तिच्या तीन झाल्याही होत्या.

इंजिन लागलं, मी धावत शेडमध्ये आलो. घंटा, टाळ्या, मोठ्या आवाजात आरती, धुपाचा धूर. भीमाण्णांनी मान हलवली. मी दांडी ओढली, हार गुंडाळला, गाठ मारली, ओढून बघितली. पक्की. रॅम हलू लागला. मेस्त्री डोक्याच्या चाकाशी उभे होते. ते चाक फिरवलं की हत्यार खाली उतरतं. दोन फेरे हवेत गेले, तिसऱ्याला त्यांनी हत्यार कामावर टेकवलं. पातळ, सुरेख साल निघाली. लोकांनी “वा!” केलं.

आणि मला मशीनच्या मागं निळं लुगडं दिसलं.

देवाशपथ सांगतो, क्षणभर मला काही कळलंच नाही. तिथं माणूस असणं शक्यच नव्हतं. आडणा आहे ना तिथं! मग आठवलं की आडणा नाही. आक्का चौथ्या प्रदक्षिणेत फटीच्या बरोबर मधोमध आल्या होत्या, रॅम पुढं सरकला तशी मागं जागा झाली होती. त्या थांबल्या, मशीनच्या पाठीकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि ओवाळू लागल्या. ताटातला दिवा हलताना मला दिसत होता.

रॅम पुढं जात होता. तो टोकाला पोचला की दीड सेकंदात मागं येणार होता.

मी दांडीला हिसका दिला. हलेना. पुन्हा दिला. सुतळी माझ्याच हातांनी पिळलेली, माझीच गाठ, ती कशी सुटेल? नखं घातली, दात लावले. तोंडात झेंडूच्या पाकळ्या आल्या. ओरडून उपयोग नव्हता, त्या घंटेत आक्कांना ऐकू आलं नसतं. माझ्या हातात मशीनचा लगाम होता आणि मी एका म्हाताऱ्या बाईला मारत होतो. दुसरं काही मनात नव्हतं.

मेस्त्रींनीही तिला बघितलं होतं. ते ओरडले नाहीत, पळाले नाहीत. त्यांनी डोक्याचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि गरागरा खाली फिरवलं. एक आटा, दोन, तीन. हत्यार पाव इंच, अर्धा इंच, बिडाच्या ठोकळ्यात रुतत गेलं. जाणाऱ्या रॅमलाच तसं अडवता येतं. परत येताना हत्यार झडपेवर उचलतं, मग त्याला कुणाचा बाप अडवू शकत नाही. त्यांच्याकडं त्या अडीच सेकंदांतला उरलेला तुकडा होता, त्यांनी तो वापरला.

सगळं मशीन थरथरलं. पट्टा पुलीवर घसरून किंचाळायला लागला, चामडं जळल्याचा वास आला, रॅम अडला, आणि पट्टा फाटदिशी उतरून माझ्या पायाशी पडला. रॅम अर्ध्या वाटेत थांबला. त्यानंतर, सगळं थांबल्यावर, ताणलेल्या हत्याराचं टोक टक् करून तुटलं. एवढासा आवाज. मेस्त्रींनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि खाली बसले.

आरती बंद पडली. आक्का आल्या वाटेनंच मागं फिरून, दिवा सांभाळत बाहेर आल्या. “का थांबवलासा रं?” त्या म्हणाल्या. “चौथी चालली हुती माझी!”

“मेस्त्री, काय केलंसा ह्ये!” भीमाण्णा ओरडले. त्यांनी फक्त रुतलेलं हत्यार बघितलं होतं. मी तोंड उघडणार होतो. पण मेस्त्रींच्या बोटांतनं रक्त गळत होतं आणि त्याच अवस्थेत ते म्हणाले, “हात चुकला, आण्णा. हत्यार जास्ती उतरलं.”

हात चुकला! गणू मेस्त्रींचा! मी हादरलो तो मघापेक्षा जास्त.

बेळगावला न्यायला मोटार मिळाली ती कोळशाच्या गॅसवर चालणारी. लढाईत पेट्रोल कुठलं! दर चढाला ती थांबायची, क्लीनर उतरून मागची भट्टी ढवळायचा, मग ती पुन्हा खोकत निघायची. मेस्त्री डोळ्यावर ओला पंचा धरून बसले होते. मी रडत म्हणालो, “मी सांगतो आण्णास्नी. आडणा मी काढला. गाठ माझी.”

“आन् मग?”

“मग काय व्हायचं ते हुईल.”

“तुला घरी बसवतील. दोन पोरं हायत तुला.” त्यांनी पंचा उलटा करून धरला. “आन् म्हातारीला कळलं तर? आपल्यापायी एका मानसाचा डोळा गेला म्हटल्यावर घास उतरंल व्हय तिला? ती खायची सोडंल, दत्तू. तिला वळकतोस न्हवं तू?”

“पर तुमचं नाव…”

“नावाला काय डोळा हाय?” ते म्हणाले.

डॉक्टरांनी डोळा काढला.

महिन्याभरानं मेस्त्री कामावर आले. हत्यार कामाला टेकवायला गेले तर ते बोटभर अलीकडंच थांबले. पुन्हा गेले तर खटकन आदळलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी चाक सोडलं, हात पुसले आणि मला म्हणाले, “धर.” तेव्हापासून शेपर माझ्याकडं आलं. लोक मला मेस्त्री म्हणू लागले. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी कानस घेऊन बसायचे. पुढच्या गुऱ्हाळाला तो सदलग्याचा शेतकरी पुन्हा चाक घेऊन आला आणि हळूच मला विचारलं, “मेस्त्री, करणार का तू? ऐकलंय, म्हाताऱ्याचा हात चुकतोय. तूच कर बाबा.” गणू मेस्त्रींना सगळं ऐकू गेलं. त्यांनी कानस थांबवली नाही. मला मात्र तिथंच जमीन दुभंगावी असं वाटलं.

आणि आक्का! दर दसऱ्याला येणाऱ्याजाणाऱ्याला त्या मेस्त्रींकडं बोट दाखवून सांगायच्या, “आरती चालू असताना मशीन थांबवलं बघा ह्येनं. माझ्या प्रदक्षिणा अर्ध्या राह्यल्या. देवानं डोळाच घेतला!” मेस्त्री मान डोलवायचे. एका वर्षी मला सहन होईना. मी “आक्का” म्हणून पुढं झालो तर मेस्त्रींनी माझ्या पायावर टाचेनं असा दाब दिला की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर नेऊन म्हणाले, “गप बस. जिती हाय म्हणून बोलतीया न्हवं? बोलू दे की.”

स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात आक्का गेल्या. अंथरुणात, झोपेत, भरल्या घरात. दिवस झाले, नवरात्र आलं. आई गेल्याचं वर्ष म्हणून भीमाण्णांनी त्या वर्षी मंडळी बोलावली नाहीत. दसऱ्याला सकाळी शेडमध्ये मी आणि मेस्त्री दोघंच होतो.

“इंजिन?” त्यांनी विचारलं.

“बंद हाय.”

“पट्टा उतार. पुलीवरनं पार काढ आन् खांद्यावर घे.”

मी घेतला. त्यांनी दोन्ही बाजूंचे आडणे काढले, अंग चोरून मशीनच्या मागं शिरले आणि फटीच्या मधोमध भिंतीला पाठ लावून उभे राहिले. “आता पुली हातानं फिरीव. रॅम मागं आण.”

“मेस्त्री, कशाला?”

“सांगितलं ते कर.”

मी फिरवू लागलो. शेपूट इंचाइंचानं त्यांच्याकडं सरकत होती. स्ट्रोक संपायचा अजून बाकी होता तोवरच ती त्यांच्या बरगड्यांना टेकली. माझा हात आपोआप थांबला. मला पुढं फिरवणं शक्यच नव्हतं.  मेस्त्रींनी एका डोळ्यानं आधी शेपटीकडं बघितलं, मग भिंतीकडं.

“बघितलंस? म्हातारीला जागाच उरली नसती,” ते म्हणाले. “ने म्होरं.”

मी रॅम पुढं नेला. मग ज्या माणसानं उभ्या जन्मात कधी देवाला हात जोडले नव्हते, त्यानं आक्का थांबल्या होत्या त्या जागेवरून चालायला सुरुवात केली. मागनं पुढं आले, ती अर्धी. पुढनं पुन्हा मागं, मागनं पुढं, ती एक. भिंतीला हात लावत, एका डोळ्यानं वाट चाचपत. समोर येऊन उभे राहिले.

“दीड राह्यली हुती तिची,” ते म्हणाले. “झाल्या पाच.”

माझा बांध फुटला. खांद्यावरचा पट्टा टाकून मी त्यांच्या पायांवर वाकलो. त्यांनी मला दंडाला धरून वर उचललं आणि नेहमीच्याच आवाजात खेकसले, “आधी आडणे लाव. मग पाया पड.”

मी आडणे लावले.